दिवेलागणीआधीच्या पानाची कहाणी

ऐका वायुदेवा, तुमची कहाणी. आटपाट नगराच्या तांबटआळीत एक घर होतं. घरची धाकटी सून जाई. नवरा भांडी विकायला परमुलखात गेलेला. हिला दमा. चालली की धाप, बोलली की धाप, हसली की धाप. घरचे म्हणत, "तुझ्या खोकल्यानं घास उतरत नाही." मग ती मागीलदारी बसे. सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं जेवी, भरल्या पोटी आडवी होई. छातीत घरघर लागे. कुणी म्हणे दही सोड, कुणी म्हणे केळं सोड, कुणी म्हणे भात सोड. तिनं सगळं सोडलं. अंग वाळलं, दमा हटला नाही.

एके दिवशी ती पाणवठ्यावर दम खात बसली. एक म्हातारी आली. "बाई बाई, अशी का बसलीस?" जाईनं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "तुला वसा देते. घेशील नि मध्येच टाकशील." "नाही टाकणार, आजी." "मग ऐक. दिवे लागायच्या आत जेवावं. चार घास कमी जेवावं. पानात ताजी भाजी, ताजं फळ असावं. ज्यानं तुझी छाती भरते तेवढंच सोडावं, लोक सांगतील ते सोडू नये. वैद्याचं औषध चुकवू नये."

जाईनं वसा घेतला. तिला कळलं, लोणच्यानं छाती भरते, दह्यानं नाही. घरघर उणावली. पण उजेडी जेवायचं म्हणजे एकटीनं. दिवे लागले की माजघरात पानं मांडली जात, हसणं-बोलणं होई. ती भिंतीपलीकडून ऐके.

मग थोरल्या जावेच्या मुलाचं बारसं आलं. दिवे लागल्यावर पंगत बसली. जाऊ म्हणाली, "आज तरी आमच्यात ये गं." आजवर कुणी बोलावलं नव्हतं. जाईला वसा आठवत होता, तरी ती गेली. तळलेलं खाल्लं, लोणचं खाल्लं, तडस लागेतो जेवली. मग श्वास कोंडला, ओठ निळे पडले. वैद्य धावत आला, औषध दिलं, जीव वाचला.

सासू उशाशी बसली. "तुला ठाऊक होतं ना? मग का जेवलीस?"

जाई म्हणाली, "सासूबाई, या घरात माझ्या पानाशेजारी कुणाचं पान नव्हतं."

पुढं जाई उठती झाली. उन्हं कलली, तिनं मागीलदारी आपलं पान मांडलं. सासू आली, शेजारी पाट ओढून बसली. म्हणाली, "मलाही आत्ताच वाढ."

दमा मुळापासून गेला नाही. पण वसा परत टाकावा लागला नाही. जाईला जशी जेवताना सोबत मिळाली, तशी ऐकणाऱ्या सगळ्यांना मिळो. साठां उत्तरांची कहाणी मोजक्या उत्तरी सांगितली, ती सांगणारीला नि ऐकणारीला सुफळ होवो.