घोणशीच्या माळावरची तार

घोणशीच्या माळावर जो मोडका दवाखाना आहे ना, त्याच्या दारासमोर दोन दगडी खांब आहेत आणि खांबांना बांधलेली एक तार. आत फोटो काढायला, नुसतं हिंडायला शहरातली पुष्कळ पोरं येतात. हिंडा बापडे. पण आत जाणाऱ्यानं अंगावरचं एक कापड, टोपी म्हणा, रुमाल म्हणा, त्या तारेवर टाकून जायचं आणि बाहेर आल्यावर आपलं आपण उचलायचं. दुसऱ्यानं त्याला बोटही लावायचं नाही. माडीच्या फळ्या कुजल्यात; दिवेलागणीला तारेवर कापड दिसलं की गाव शोधायला जातं, हे एक. पण हात न लावण्याचं कारण जुनं आहे. ते असं सांगतात.

गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला तेव्हा हा दवाखाना भरून वाहत होता. रोग्याच्या नातलगांना ओढ्यापलीकडेच थांबवायचे. आपलं माणूस आहे की गेलं, हे कळायला मार्ग नाही. दारावर कागद लावायचे म्हणे. पण ओढ्यापलीकडून तो दिसणार कुणाला, आणि वाचता तरी कुणाला येत होतं?

दवाखान्याचे कपडे धुवायला गोजरा परटीण होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, जिभेनं फटकळ. तिनंच ही तार बांधून घेतली. रोगी ज्या कापडानिशी आला ते उकळून ती रोज सकाळी तारेवर घालायची. माणूस गेलं की त्याचं कापड जाळायचे. पलीकडची माणसं तारेकडे बघायची. आपलं धोतर, आपलं लुगडं दिसलं की हात जोडून घरी जायची.

हैबती कुंभाराचा एकुलता एक तुळाजी तिथं होता. त्याचं तांबडं मुंडासं लांबून ओळखू यायचं. एकवीस दिवसांनी त्याची गाठ बसली. डॉक्टर म्हणाला, आणखी पंधरा दिवस ठेवू, मग जाऊ दे घरी. गोजराला केवढा आनंद! मुंडाशाचा पदर फाटला होता. पोरगं घरी जायचं ते फाटक्यानं कशाला, म्हणून दुसऱ्याच सकाळी तिनं ते तारेवर न घालता मांडीवर घेतलं आणि ठिगळ लावीत बसली. तेवढी एकच सकाळ.

पलीकडे हैबती उभा होता. तारेवर तांबडं नाही. त्यानं कुणाला विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती. तार सांगेल ते खरं. दुसऱ्या दिवशी मुंडासं पुन्हा वाऱ्यावर हलत होतं, पण ते बघायला आलं कोण? घरी सुतक बसलं होतं. प्रेत नाही, म्हणून पळसाच्या पानांचा तुळाजी करून जाळला. सून सालू, तिच्या बांगड्या फोडल्या. दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा लगेच शिवला. तेरावंही झालं.

आणि पंधराव्या दिवशी तुळाजी ठिगळाचं मुंडासं बांधून दारात उभा!

बाया किंचाळत पळाल्या. हैबती पुढे आला, पण हात लावीना. म्हणाला, “तुला पिंड दिलाय, लेका. कावळा शिवलाय. आता घरात घेऊ तर कोण म्हणून घेऊ?” सालू दाराआड हुंदके देत होती. रिकाम्या मनगटांनी नवऱ्यासमोर कशी येणार?

तुळाजी माघारी दवाखान्यात आला.

“गोजरामावशी, मी मेलोय म्हणं.”

“कुठल्या मेल्यानं सांगितलं?”

“बापानं.”

सगळं ऐकून गोजरानं हातातलं धुणं टाकलं. डॉक्टर म्हणाला, जिवंत असल्याचा कागद देतो. पण कागदानं कधी पिंड माघारी आलाय? ती तशीच उठली, कुंभारआळीत गेली आणि अंगणाबाहेर उभी राहिली. “चूक माझ्या हातची. मारा मला.”

“तुला मारून माझा पोरगा जिता होतोय का?”

“मेला तो नाही व्हायचा, हैबतीबाबा. पण जन्मला तर घरात घ्याल का नाही?”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरानं माणसं अलीकडे येऊ दिली. ज्या दारातून बाहेर आला तिथंच त्याचा जन्म, असं म्हणून गोजरानं तारेला चादरीची झोळी बांधली आणि मिशाळ तुळाजीला तीत बसवलं. तार कमानीसारखी वाकली. बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, “बारसं खरं, पण नाव ठेवायला आत्या कुठाय?”

हैबतीला बहीणच नव्हती. हसणं थांबलं.

“मी हाये,” गोजरा म्हणाली.

परटीण कुंभाराची बहीण! आणि असं नातं एका दिवसाचं नसतं. मान दिला की पिढ्यान्‌पिढ्या द्यावा लागतो. आळीतली जाणती माणसं हैबतीच्या तोंडाकडे बघत राहिली. हैबती झोळीकडे बघत होता. झोळी अपुरी पडून पोराचे पाय बाहेर लोंबत होते.

“वाक, आक्का,” तो म्हणाला.

गोजरा वाकली. कानात कुर्र केलं आणि नाव ठेवलं दगडू.

“दगडू? हे काय नाव झालं, मावशी?”

“गप. तान्ही पोरं बोलत नसतात. आणि मावशी नाही, आत्या म्हण.”

सालूनं तिथंच हिरव्या बांगड्या भरल्या. त्या दिवसापासून तारेवरच्या कापडाला दुसरं कुणी हात लावत नाही. शिवायला नाही की झटकायलाही नाही.

दवाखाना ओस पडला, कौलं गेली. आजही कुंभारआळीत बारसं असलं की सख्ख्या आत्या चार का असेनात, त्या पदर सावरून बाजूला थांबतात. पाळण्यावर पहिली वाकते ती गावची परटीण.