दरीपलीकडचे घर

त्या मुलखात पूल कोसळला की दरी ओलांडून फक्त आवाज जाई. माणूस, लाकूड, दगड यांतले काहीच पलीकडे पोचत नसे. धुके सारे गिळून टाकी. म्हणून काही पाठवायचे झाले तर ते शब्दांत उतरवावे लागे, आणि तेही एका सलग ओळीत. मध्ये थांबले की धुके ओळ तोडून नेई. पलीकडचे लोक कानावर पडेल ते जसेच्या तसे उभे करत.

ही ओळ पुकारण्याचे काम सोनकीकडे होते. या खेपेला पूल कोसळला तेव्हा तिची धाकटी बहीण कारवी पलीकडेच राहिली, उघड्यावर. थंडी उतरू लागली तशी सोनकीने ठरवले, आपले घरच तिला पाठवायचे.

त्या मुलखातली घरे जागी असत, बोलत. सोनकी घराला म्हणाली, "तुला आता स्वतःला सांगावं लागेल."

"मी एकटं कसं सांगू?" घर म्हणाले. "माझ्या पोटात खोल्या आहेत. आधी त्यांना विचार."

खोल्या म्हणाल्या, आधी आमच्या कोनाड्यांना विचार. मग सगळ्यांत आतला कोनाडा पहिल्यांदा बोलला. त्याचे शब्द खोलीने आपल्या शब्दांत ओवून घेतले, खोलीचे घराने.

दारावरची पाटी मात्र कोरी होती. जो राहील त्याचे नाव तिच्यावर उमटे. मागे एका पुकारणाऱ्याने तिथे नुसते 'अमुक' म्हणून टाकले होते. पलीकडचे बिचारे अमुकची वाट पाहत अंगणात कुडकुडत बसले. सोनकीने त्या जागी 'कारवी' घातले.

शेवटी दार कुरकुरले. "बहिणीची चाहूल लागली की मी आपणहून उघडतं. तेही सांगशील ना?"

सोनकीने त्याच्या फळीवरून हात फिरवला. "तुझ्या फळ्या सांगेन, बिजागऱ्या सांगेन. चाहूल मला सांगता येत नाही रे."

"म्हणजे तिथं मी नुसतं दिसेन."

"हो. पण वारा तरी अडेल."



सोनकी कड्यावर उभी राहिली आणि तिने एका श्वासात सारे घर पुकारले. ओळ संपली तेव्हा तिला पोकळ झाल्यासारखे वाटले. पलीकडून उत्तर आले नाही.

कितीतरी दिवसांनी एका सकाळी धुके विरळ झाले. पलीकडे घर उभे होते, दगडान् दगड तोच, पण चित्रातल्यासारखे निश्चल. कारवीला आपण घर दिले की घराचा देखावा?

तेवढ्यात तिला बाजूची भिंत दिसली. कुणीतरी तिथले चार दगड काढून, ओबडधोबड, वाकडी खिडकी पाडली होती. तशी खिडकी तिच्या ओळीत कुठेच नव्हती. खिडकीतून एक ओले लुगडे बाहेर सोडलेले होते, आणि त्याचे पाणी थेंबाथेंबाने दरीत ठिबकत होते.