शेवंती ओतारीण आणि तीनशे मोहरा

एका राज्यात, जिथले डोंगर राजाचे होते आणि डोंगरांतल्या गुहा मांत्रिकाच्या, शेवंती नावाची एक ओतारीण राहत होती. राजाच्या हत्तींच्या गळ्यातल्या घंटा ती आणि तिचा नवरा रुद्राजी मिळून ओतत. मेणाचा साचा तो घडवी, वितळलेल्या पितळेची मूस ती उचली. दोघांच्या हातांची कमाई होती आणि घरात कशाला तोटा नव्हता.

एका वर्षी राज्यात दगडी ताप आला. तो ज्याला चढे त्याचं अंग बोटांपासून दगड होत जाई. रुद्राजीचे हात कोपरापर्यंत दगड झाले आणि ताप वर सरकू लागला. वैद्य म्हणाला, "मोतीभस्माने जीव वाचेल. हात वाचणार नाहीत. भस्माला तीनशे मोहरा पडतील."

तीनशे मोहरा कुणाकडे असणार? त्या होत्या फक्त कुंभकेतू मांत्रिकाच्या गुहेत. शेवंती गुहेच्या दारी गेली. कुंभकेतू हसतमुखाने म्हणाला, "घेऊन जा. व्याज नको, तारण नको. अट एवढीच, की फेड स्वतःच्या हातच्या कमाईने करायची, दर पौर्णिमेला, जमेल तेवढी. लागोपाठ तीन पौर्णिमा चुकल्या, तर तू पक्षी होशील आणि दुसऱ्या ऋणकोच्या छपरावर बसशील."

"व्याज नाही, मग तुम्हांला लाभ काय?"

"माणसं कंटाळतात," कुंभकेतू म्हणाला. "तोच माझा लाभ."

शेवंतीला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. नवऱ्याचा श्वास घरघरत होता. तिने मोहरा उचलल्या.

रुद्राजी जगला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या छपराच्या आढ्यावर एक भल्यामोठ्या चोचीचा धनेश पक्षी येऊन बसला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "बाकी तीनशे!" संध्याकाळी पुन्हा ओरडला, "बाकी तीनशे!" आणि मग रोज. शेजारणी आधी दचकल्या, मग हसल्या, मग पाणी भरताना शेवंतीला विचारू लागल्या, "आज किती गं?" जणू त्यांना ऐकू आलंच नव्हतं.

आता कमावणारे हात दोनच उरले. साचाही तिनेच घडवायचा, मूसही तिनेच उचलायची. रुद्राजी पायाने भाता चालवी, तेवढंच त्याच्याने होई. महिन्याला सहा मोहरा येत. दोन धातूत, कोळशात आणि पोटात जात. चार उरत, त्या फडक्यात बांधून पौर्णिमेच्या सकाळी ती डोंगर चढून जाई.

पहिल्या वर्षी तिला जोर होता. पहाटे भट्टी पेटे, भाकरी उभ्याने खाल्ली जाई. "बाकी दोनशे शहाण्णव" झाले तेव्हा तिने पक्ष्याला मूठभर दाणे टाकले. "बाकी दोनशे बावन्न" झाले तेव्हा टाकले नाहीत. दोन वर्षं आणि एक महिना झाला, शंभर मोहरा फिटल्या, आणि त्या दिवशी पक्षी ओरडला, "बाकी दोनशे!" शेवंती अंगणात मटकन बसली.

"दोन वर्षं राबले," ती रुद्राजीला म्हणाली, "आणि अजून दोनशे? हा आकडा हलतो तरी का?"

"हलतो की. तीनशेवरून हलला."

"तुम्ही मला शहाणपण शिकवू नका. भाता चालवा."

त्याच रात्री कुंभकेतूचं बोलावणं आलं. तो गुहेच्या दारात वाट पाहत उभा होता. "फार कष्ट करतेस, शेवंती," तो म्हणाला. "तुला एक काम सांगतो. सात टेकड्यांपलीकडे एक तळं आहे, त्यात निळं कमळ फुलतं. ते आणून दे. शंभर मोहरा सुटल्या समज."

शेवंतीने भट्टी विझवली आणि निघाली. सात टेकड्या ओलांडल्या. तळंही होतं आणि कमळही होतं. ती एक पाऊल पुढे टाकी, तळं एक पाऊल मागे सरे. ती धावली, तळंही धावलं. ती रात्री तशीच उघड्यावर झोपली, सकाळी तळं तेवढ्याच अंतरावर. अशा दोन पौर्णिमा गेल्या. मग तिने त्या कमळाला जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या आणि परत फिरली.

घरी भट्टी गार पडली होती. घंटांचं काम राजवाड्याने दुसऱ्या ओताऱ्याला देऊन टाकलं होतं. तिसऱ्या पौर्णिमेला सतरा दिवस उरले होते. शेवंतीने बाजारासाठी पळ्या ओतल्या, झारे ओतले, पाळण्याच्या कड्या ओतल्या. डोक्यावर टोपली घेऊन दारोदार विकल्या. सतराव्या दिवशी सकाळी चार मोहरा झाल्या. तिने त्या कुंभकेतूच्या पुढ्यात आदळल्या. त्याचा चेहरा पडला. पुढे दुसऱ्या ओताऱ्याच्या घंटा हत्तींनी दोन महिन्यांत फोडल्या, तेव्हा काम पुन्हा तिच्याकडे आलं.

आणखी अकरा पौर्णिमा गेल्या. "बाकी एकशे बावन्न!" पक्षी ओरडत होता, त्या सकाळी दारात घोडा थांबला. घोड्यावरून तरणा राजा पद्मसेन उतरला. शेवंती लगबगीने पदर सावरत बाहेर आली.

"कुंभकेतूचं अर्ध्याच्या आसपास ऋण फेडलेलं माणूस तुमच्याआधी या राज्यात झालं नाही," राजा म्हणाला. "एका जरी ऋणकोने पूर्ण फेड केली, तरी गुहेचा शाप तुटेल आणि पक्षी झालेले सारे माणसांत येतील. या घ्या एकशे बावन्न मोहरा. जाऊन फेडा."

शेवंतीचे डोळे भरून आले. तिने राजाचे पाय धरले. तो गेल्यावर तिने आपल्या साठलेल्या चार मोहरा काढल्या, आणि पहिल्यांदाच बाजारात मनमोकळी हिंडली. तूप आणलं, रुद्राजीला नवा अंगरखा आणला, स्वतःला हिरवं लुगडं आणलं. पौर्णिमेला राजाची थैली घेऊन ती गुहेत गेली आणि थैली उपडी केली. खळखळ आवाज झाला. आतून गोटे पडले, नदीतले असतात तसे, गुळगुळीत.

"हातची कमाई," कुंभकेतू म्हणाला. "अट विसरलीस?"

ती घरी आली. हिरवं लुगडं नेसलेलं होतं, ते सोडलं नाही. भिंतीला टेकून बसली ती बसलीच. दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. नातलग आले आणि समजूत घालून गेले. कुणी म्हणालं, धीर धर. कुणी म्हणालं, काटकसर कर. कुणी म्हणालं, आमच्या वेळी नव्हतं बाई असं. ती सगळ्यांना "बरं" म्हणाली. पुढची पौर्णिमाही आली आणि गेली. गोट्यांची धरून दोन चुकल्या. आता एकच उरली.

"बाकी एकशे बावन्न!"

शेवंती उठली. हातात येईल ती पळी उचलून तिने आढ्यावर भिरकावली. "मेल्या, ठाऊक आहे मला! एक दिवस गप्प बसलास तर काय तुझी चोच झडेल?"

पळी चुकवून धनेश म्हणाला, "हुकूम आहे."

साडेतीन वर्षांत तो आकड्याशिवाय पहिल्यांदाच बोलला होता. शेवंती थबकली. "तुला बोलता येतं?"

"येतं. मी राजा वीरसेन होतो. पद्मसेनाचा बाप. सात मजली मनोरा बांधायला मी गुहेतून मोहरा उचलल्या. फेडायला गुपचूप खजिना नेला, त्याचे गोटे झाले. स्वतःच्या हाताने कमावलेली एक कवडी माझ्याजवळ नव्हती. तीन पौर्णिमांत मी पक्षी झालो."

"म्हणजे तुला माहीत होतं," शेवंती एकेक शब्द चावत म्हणाली, "की राजाच्या थैलीचे गोटे होणार?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुणी नाही. मला हुकूम एवढाच, की सकाळ-संध्याकाळ आकडा ओरड."

तिला रडावं की हसावं कळेना. भिंतीवर डोकं आपटावं असं मात्र नक्की वाटलं. मग तिच्या मनात काहीतरी अडकलं. "काय हुकूम आहे? नीट सांग."

"आकडा ओरड."

"कुठला आकडा?"

पक्ष्याने मान वाकडी केली. "ते सांगितलेलं नाही," तो म्हणाला.

"मग उद्यापासून फिटलेला ओरड."

त्या रात्री तिला झोप लागली, पण सकाळी उठवेना. आकडा कुठलाही असो, भट्टी गारच होती. तेवढ्यात अंगणातून भात्याचा आवाज आला. ती दारात आली. रुद्राजीने दगडी कोपरांनी कोळसा ढकलत ढकलत भट्टी भरली होती, चुलीतलं जळतं लाकूड दातांत धरून आणलं होतं. त्याची मिशी एका बाजूने करपली होती. तो भाता चालवत होता आणि मुशीतलं पितळ लाल होऊ लागलं होतं.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"मूस मला उचलता येत नाही," तो म्हणाला. "तेवढं तू कर. बाकी मी पाहतो."

"मिशी जळली तुमची."

"वाढेल."

शेवंतीने हिरव्या लुगड्याचा पदर खोचला आणि मूस उचलली. छपरावरून धनेश ओरडला, "फिटल्या एकशे अठ्ठेचाळीस!" शेजारीण घागर घेऊन चालली होती, ती जागच्या जागी थांबली आणि वर बघत राहिली.

तिसरी पौर्णिमा चुकली नाही.

यानंतरची तीन वर्षं सांगताना कथेकऱ्याची मोठी अडचण होते, कारण त्यांत काही घडलं नाही. ना तळं पळालं, ना राजा आला. शेवंती उठे, ओते, डोंगर चढे, उतरे. गुडघा दुखू लागला. किती वेळा चीड आली, त्याची गणती नाही. दर पंचवीस मोहरा फिटल्या की रुद्राजी गोडाचा हट्ट धरी. ती म्हणे, "गूळ फुकट येतो का?" तो म्हणे, "नाही. पण तुझं हसणंही फुकट येत नाही." त्यावर भांडण होई, मग शिरा होई, आणि अर्धी वाटी आढ्यावर ठेवली जाई. एका पंचविशीला तिने शिरा केला नाही. त्या महिन्यात दोन घंटांना तडे गेले. पुढे तिने शिऱ्यावर वाद घालणं सोडलं.

"फिटल्या दोनशे शहाण्णव!" अशी आरोळी झाली, आणि पौर्णिमा उजाडली. शेवंती फडक्यात चार मोहरा बांधून गुहेशी पोचली. कुंभकेतूने दारात गालिचा अंथरला होता. सरबताचा पेला पुढे केला होता.

"ये, बस," तो म्हणाला. "तुझी निष्ठा पाहून मी प्रसन्न झालो. उरलेल्या चार मोहरा तुला माफ. घरी जा, सुखाने राहा."

शेवंती बसली. चार मोहरा म्हणजे तिचा पुरा महिना. चार मोहरांत दुखऱ्या गुडघ्याला तेल येईल, छपराची गळती थांबेल, पंधरा दिवस भट्टी न पेटवता नुसतं पडून राहता येईल. मूठ सैल झाली. मांत्रिकाच्या ओठाचा कोपरा हलला.

तो कोपरा तिने पाहिला, आणि साडेसहा वर्षांचा संताप एकदम उसळला.

"साडेसहा वर्षं मी राबले," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याची मिशी जळली. माझा गुडघा गेला. साऱ्या आळीने माझी बाकी मोजली. आणि शेवटच्या चार मोहरांवर मोठेपणा मिळवणार तुम्ही? ठेवा तुमची माफी. हात पुढे करा."

"ऐक तरी..."

"हात!"

कुंभकेतूने हात पुढे केला. नाही म्हणण्याची त्याला सोय नव्हती, अट त्याचीच होती. शेवंतीने मोजल्या. एक. दोन. तीन. चौथी मोहर त्याच्या तळव्यावर टेकली तेव्हा गुहेत वाऱ्याचा लोट उठला आणि मांत्रिक रिकाम्या अंगरख्यासारखा खाली गळून पडला. डोंगरावरून पंखांचा फडफडाट झाला. राज्यभर छपरांवरून माणसं खाली उतरू लागली. कुणी म्हातारं झालं होतं, कुणाची बायको ओळखत नव्हती, कुणी आकडे बडबडत होतं, पण सारी माणसंच होती. ज्यांची बाकी अजून उरली होती त्यांच्या घरांवरचा धाकही गेला.

वीरसेन शेवंतीच्या आढ्यावरून शिडीने उतरला. तो राजवाड्यात गेला, मुलाला भेटला, सिंहासन मात्र त्याने मागितलं नाही. सात मजली मनोऱ्याचे दगड उतरवून त्यांचे गावोगाव विहिरींना कठडे बांधावेत, असं त्याने सुचवलं. पहिल्या विहिरीचे दगड त्याने स्वतः वाहिले आणि मजुरीची एक कवडी मागून घेतली. पद्मसेनाने तसा हुकूम काढला. दुसरा हुकूम काढला तो असा, की वैद्याच्या भस्माचा खर्च यापुढे खजिन्यातून होईल आणि त्यासाठी कुणाला गुहेच्या दारी जावं लागणार नाही.

रुद्राजीचे हात दगडाचेच राहिले. ताप मांत्रिकाचा नव्हता.

पुढल्या पौर्णिमेला शेवंती सवयीने पहाटे उठली. चार मोहरा फडक्यात बांधल्या, चपला घातल्या आणि डोंगराची वाट धरली. आळीच्या टोकाला आल्यावर ती थांबली. कुठे चाललो आहोत, तेच तिला कळेना. मग कळलं. ती रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसली आणि खूप वेळ बसून राहिली. घरून रुद्राजी शोधत आला.

"काय झालं?"

"काही नाही," शेवंती म्हणाली. "या मोहरा आपल्या आहेत."

तो तिच्याशेजारी बसला. ऊन वर येईपर्यंत दोघं तिथेच बसून होती, आणि त्यांना कुठेही जायचं नव्हतं. जशी तिची बाकी फिटली, तशी ज्याची त्याची फिटो, आणि फिटेपर्यंत ज्याला त्याला भाता चालवणारं कुणी मिळो.