सात पायऱ्या कशाला?

एका गावात एक रिकामी जागा होती. माणसांच्या आधी जागेचं सांगतो, कारण पुढे जे झालं ते तिच्यावरून झालं आणि तिनं बिचारीनं काहीही केलेलं नव्हतं.

गाव समुद्राकाठचं, पण शहाणं. सगळी घरं वर टेकाडावर. खाली खाडीला लागून एकट्या माडवाल्याचं घर, आणि त्याला चिकटून ही जागा. तीही त्याचीच. जमीन सपाट, वारा गार, उभं राहिलं की समोर समुद्र. तरी वर्षानुवर्षं तशीच पडून होती. कारण दहा-बारा वर्षांतून एकदा अमावास्येचं उधाण आणि डोंगरातला मोठा पाऊस एकाच दिवशी यायचे. मग खाडी फुगायची आणि त्या जागेवर छातीभर पाणी चढायचं. म्हणून तर माडवाल्याच्या बापानं आपल्या घराचं जोतं उंच बांधलं होतं. सात पायऱ्या चढाव्या तेव्हा कुठे ओटी लागे.

एकदा घाटावरून एक शिंपी आला. होड्यांची शिडं शिवायचा, म्हणून त्याला समुद्राजवळच राहायचं होतं. बरोबर बायको, लग्नाचा मुलगा आणि म्हातारी आई. जागा बघताक्षणी त्याला आवडली. माडवाल्यालाही बरं वाटलं. इतक्या वर्षांनी गिऱ्हाईक दारात आलं होतं.

व्यवहार ठरला, पानसुपारी झाली. निघता निघता शिंप्यानं मागे वळून बघितलं आणि विचारलं, "दादा, तुमच्या घराला सात पायऱ्या कशाला हो? आम्हीही तेवढ्याच करायच्या का? आमच्या आईचे गुडघे दुखतात, म्हणून मी तीनच धरल्या होत्या."

बघा, नेमकं तेच विचारलं की नाही? आता खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण माडवाल्याला वाटलं, सांगितलं तर हा माणूस पानसुपारी इथेच ठेवून जाईल.

"वडिलांना हौस होती, दुसरं काय," तो म्हणाला. "तुम्ही तीनच करा. आजींना सोपं जाईल."

तुम्ही म्हणाल, गावातल्यांनी का नाही सांगितलं? गावातल्या प्रत्येकाला वाटलं, माडवाल्यानं सांगितलंच असेल. आपण कशाला मध्ये पडा. गवंडीसुद्धा शिंप्यानं घाटावरूनच आणला होता, त्याला खाडीचं काय कळणार? चैत्रात घर उभं राहिलं. छान चिऱ्याचं, कौलारू, तीन पायऱ्यांचं. म्हातारीनं ओटीवरच आपली चटई टाकली. वाऱ्याला मला झोप छान लागते, म्हणाली.

आणि तिथून माडवाल्याची झोप उडाली.

पाऊस लागला. अमावास्या आली की जेवताना तो उठून खाडी बघून येई. बायको आणि लेक विचारत, काय झालं? तो म्हणे, माडाला पाणी लागतंय का बघतो. माडाला कसलं बघतोय, तो शेजारच्या पायऱ्या बघत होता. एकदा श्रावणात पाणी आलंच. शिंप्याच्या पहिल्या पायरीला लागलं आणि मागे गेलं. शिंपी हसत सांगत आला, "दादा, समुद्र आमच्या पाया पडून गेला." माडवाला हसला आणि शिंप्याची पाठ वळताच त्या पायरीवरची ओल बघून आला. दहा वेळा त्याला वाटलं, आता सांगावं. पण आधी का नाही सांगितलं, असं विचारलं तर काय बोलायचं? म्हणून तो पुन्हा गप्प. गप्प बसायचं तरी किती सोपं असतं बघा, काहीच करावं लागत नाही.

तो पावसाळा कसाबसा निभावला. दिवाळी झाली आणि एक दिवस शिंपी आपल्या आईला घेऊन माडवाल्याकडे आला. म्हातारी एकेका पायरीवर थांबत, गुडघा दाबत सात पायऱ्या चढली. ओटीवर बसून दम खाल्ला आणि म्हणाली, "बाबा, तुमची लेक आम्हाला द्या. माझ्या नातवाला ती आवडलीय, तिलाही तो आवडतो. दोन्ही घरं शेजारी, ती काही लांब जायची नाही."

मुलगा चांगला होता. नाही म्हणायला जागाच नव्हती. लेक दाराआडून ऐकत होती. माडवाल्याला डोळ्यांसमोर ते तीन पायऱ्यांचं घर दिसलं, त्यात आपली लेक दिसली, आणि आत शिरणारं पाणी दिसलं.

"लेक देतो," तो म्हणाला, "पण त्या घरात नाही."

"का? आमच्या घराला काय झालं?" शिंप्यानं विचारलं.

मग माडवाल्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. उधाणाचं, छातीभर पाण्याचं, सात पायऱ्या कशाला ते. शिंपी पांढराफटक पडला. म्हातारीनं मात्र विचारलं,

"म्हणजे तुमची लेक यायची नव्हती, तोवर त्या घरात माणसं राहत नव्हती होय?"

माडवाल्याला वाटलं, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो रडायला लागला. वर्षभर पोटात साठलेलं सगळं बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिंप्याच्या दारात गेला आणि स्वतःच्या हातानं कौलं उतरवायला लागला. चिरा न् चिरा सुटा केला, तोवर शिंप्याचं बिऱ्हाड आपल्या घरी ठेवलं. आपल्या बागेतली माती टोपल्यांनी वाहून आणली, जोत्यात भर घातली, ठोकून घट्ट केली. तळहात सोलून निघाले. गावातले सगळेही खाली आले, न बोलता माती वाहू लागले, कारण गप्प तर तेही बसले होते. वैशाखात घर पुन्हा उभं राहिलं, सात पायऱ्यांचं. त्याच घरात लग्न लागलं.

म्हातारीला सात पायऱ्या जड जायच्या. मग माडवाला रोज सकाळ-संध्याकाळ यायचा. ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरायची आणि चढायची. त्याच्याशी बोलायची मात्र फार कमी.

त्याच वर्षी भाद्रपदात पाणी आलं. अमावास्येची भरदुपार, वरून मुसळधार पाऊस, आणि खाडी बघता बघता अंगणात. दोन्ही घरची माणसं ओट्यांवर उभी. पाणी तिसऱ्या पायरीवरून गेलं, ज्या उंचीला पूर्वी ओटीवर म्हातारीची चटई असायची. चौथी गेली, पाचवी गेली. सहावी बुडाली आणि तिथे पाणी थांबलं.

म्हातारी सगळ्यांत वर बसून पायऱ्या मोजत होती. पलीकडच्या ओटीवर माडवाला हात जोडून उभा होता. ती त्याला हाक मारून म्हणाली, "बाबा, एक उरली. पाणी ओसरलं की या, मला खाली उतरायचंय."

तात्पर्य: ज्या घरात आपली लेक पाठवायला जीव धजत नाही, त्या घरात दुसऱ्याच्या आईला राहू देऊन गप्प बसू नये.