म्हाकूचं ताकदीचं चूर्ण

एका गावात एक भोळा पैलवान होता. नाव म्हाकू. सांगितलेलं सगळं जसंच्या तसं करायचा, एवढीच त्याची खोड.

घरची म्हैस आटली होती. चहालासुद्धा दूध नव्हतं. जत्रेतल्या शेवटच्या कुस्तीला यंदा दुभती म्हैस बक्षीस होती. आईनं तर तिचं नावही ठरवून ठेवलं होतं, चंद्री.

म्हाकूनं बाजारातून ताकदीचं चूर्ण आणलं. डब्यावर दंड फुगवलेला बाप्या. विकणारा म्हणाला, "अस्सल जडीबुटी! मर्दानी रग वाढते, दम वाढतो. फक्त दुधातून घ्यायचं."

म्हाकूनं घरी येऊन अर्धा डबा म्हशीला चारला आणि तांब्या घेऊन तिच्या खाली बसला.

"आरं, काय करतोयस?" आईनं विचारलं.

"दुधातून घेतोय."

दूध काही आलं नाही. म्हशीचं पोट मात्र असं बिघडलं, की आई शेण भरून भरून दमली. "मुडद्या, म्हशीला न्हाय द्यायचं! जो कुस्ती खेळणार त्याच्या पोटात जाया पायजे!"

"आस्सं व्हय," म्हाकू म्हणाला.

जत्रेच्या दिवशी त्यानं शेजारणीकडून पेलाभर दूध मागितलं, उरलेलं चूर्ण त्यात कालवलं आणि आखाड्याकडे निघाला. वाटेत परगावचा दगडू पैलवान भेटला. आज शेवटच्या कुस्तीत त्याच्याशीच म्हाकूची लढत होती.

"पावणं, तुमी कुस्ती खेळणार न्हवं?"

"खेळणार की."

"मग घ्या."

दगडूनं पेला रिकामा केला आणि मिशी पुसली.

आखाड्यात हे ऐकून म्हाकूच्या वस्तादांनी कपाळावर हात मारला. "बैला, आता एवढं तरी ध्यानात ठेव. पाठ मातीला लागल्याबिगर कुस्ती संपत न्हाय!"

"ठेवलं," म्हाकू म्हणाला.

हलगी वाजली. सलामी झाली. दगडूनं म्हाकूला खांद्यावर उचललं आणि तसाच थांबला. त्याचं पोट गुडगुडलं. म्हाकूला अलगद खाली ठेवून तो लंगोट सावरत उसाच्या फडात पळाला.

बराच वेळ झाला. दगडू काही येईना. गावकरी नाचायला लागले. आईनं आनंदानं रडत चंद्रीचं दावं हातात घेतलं. पंच निकाल सांगायला उठले.

"थांबा!" म्हाकू ओरडला. "आजून पाठ कुठं लागलीया?"

त्यानं चहूकडे पाहिलं. आखाड्यात दुसरं कोणीच नव्हतं. मग तो स्वतःच मातीत उताणा पडला. दोन्ही खांदे नीट टेकवले.

"घ्या, लागली! संपली कुस्ती!"

पंचांचा नाइलाज झाला. आईच्या हातातलं दावं सोडवून घेत त्यांनी दगडूचं नाव पुकारलं.

फडातून आवाज आला, "म्हैस ऱ्हाऊ द्या, आधी पाण्याचा तांब्या पाठवा!"