खेळाच्या डब्याविरुद्ध गाऱ्हाणं

“बुवा, ज्याला एवढं सगळं येतं, त्याला एवढंच का येऊ नये?”

ही गोष्ट खरी आहे. अगदी गळ्याशपथ. हा प्रश्न विचारला गेला तेव्हा मी मठात खांबाला टेकून बसलो होतो. म्हणजे खांब होता. मी सांगलीत होतो. पण ऐकलं ते प्रश्न विचारणाऱ्या पोतनिसांच्याच तोंडून, आणि पोतनीस स्वतःविरुद्ध खोटं बोलणारा माणूस नव्हे.

आंबेघळीच्या मठात रामगीरबुवांचा एक रिवाज होता. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्याला सोबत आणायचं. सासवा सुनांना आणत, भाऊ भावांना. एकानं आटलेल्या विहिरीची तक्रार मांडली, तर बुवा म्हणाले, विहीर आण. त्यानं आणलीही, असं तिकडं सांगतात.

विश्राम पोतनीस आले ते गेमिंग कन्सोल छातीशी धरून. टीव्हीला जोडून खेळायचा तो काळा, गुळगुळीत डबा. वायरी मागं लोंबत होत्या.

बुवांनी पाट मांडला. डब्याला त्यावर बसवलं. रिवाजाप्रमाणे आधी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

पोतनीस उभेच.

पोतनीस इंजिनियर. बुवांकडं जुने. ध्यान, मौन सगळं करून झालेलं, आणि झालं हे चारचौघांत सांगूनही झालेलं.

गाऱ्हाणं त्यांनी सविस्तर मांडलं. डबा घेताना दुकानदार म्हणाला होता, घरात दुसरं काही लागणार नाही. पोतनिसांनी तेच बायकोला ऐकवलं, शेजाऱ्यांना ऐकवलं. आणि हा शहाणा खेळाशिवाय काही करत नाही. सिनेमाची सीडी घातली की बाहेर ढकलतो. गाणी वाजवत नाही. पेनड्राइव्ह लावला तर ओळखच दाखवत नाही. भोक आहे, पण ते म्हणे रिमोट चार्ज करायला. कंपनीला लिहिलं, कंपनीनं आभार मानले.

“पेनड्राइव्हमध्ये काय आहे?” बुवांनी विचारलं.

“हेमांगी.”

हेमांगी म्हणजे पोतनिसांची बायको. गेल्या श्रावणात गेली. त्याच्या आदल्या वर्षी भाचीच्या मंगळागौरीला कुणीतरी तिचा व्हिडिओ काढला होता. फुगड्या, झिम्मा, आणि शेवटी बायकांनी फारच धरून बसवल्यावर तिनं घेतलेला उखाणा. आता वर्षश्राद्ध आलं होतं. माणसं जमणार. मोठ्या पडद्यावर तिला दाखवतो, असं पोतनीस सगळ्यांना सांगून बसले होते. आणि डबा नाही म्हणत होता.

बुवा पुढं झुकले. डब्याला कान लावला. बराच वेळ...

“काय म्हणतो?” पोतनिसांना राहवलं नाही.

“तो गप्प आहे. तू बोल. दुसऱ्या कशात दिसते का ती?”

“दिसते की. पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावला तर दिसेल. फोनवरही दिसेल.”

“मग?”

“प्रश्न तत्त्वाचा आहे, बुवा. यानं दाखवायला पाहिजे.”

बुवांनी मान डोलावली, जणू तत्त्व त्यांना पटलं.

“उखाणा काय घेतला तिनं?”

पोतनीस डब्याची लोंबती वायर सरळ करू लागले.

“तुझंच नाव घेतलं असेल ना त्यात?”

“...असेल.”

मठामागं कुणी लाकडं फोडत होतं. एक ओंडका फुटला. मग दुसरा.

मग पोतनीस न विचारताच सांगायला लागले. तिनं तो पेनड्राइव्ह त्यांना दाखवायलाच आणला होता. ओले हात पुसत, हसत आली. बघा तरी, म्हणाली, कसं नाव घेतलंय. हे खेळाच्या ऐन रंगात. ती पडद्याच्या आड आली, आणि गाडी कठडा तोडून दरीत गेली. खेळातली. पोतनिसांनी तोंड सोडलं. अक्कल काढली, माहेर काढलं. ती बाजूला झाली, पेनड्राइव्ह टीव्हीशेजारी ठेवला आणि आत गेली. पुन्हा तिनं विषय काढला नाही. पुढं दवाखानेच सुरू झाले.

“ती गेल्यावर तरी लावलास?”

“लावतो ना. रोज लावतो, या डब्याला. हा नाही म्हणतो. मग मी याला शिव्या घालतो... आणि झोपतो.”

बोलून झालं, आणि पोतनिसांना स्वतःचंच वाक्य ऐकू आलं. ते खाली बसले. पाट नव्हता, जमिनीवरच.

बुवांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि डबा पुसला. हलक्या हातानं, मार खाल्लेल्या पोराचं तोंड पुसावं तसा.

“मी काय करू, बुवा?”

...

इथं बुवांनी पोतनिसांच्या पाठीवरून हात फिरवला, असं मी ही गोष्ट सांगताना नेहमी सांगतो. ऐकणाऱ्याला बरं वाटतं. पण तो हात मी रचलेला आहे. बुवांनी वायरी गुंडाळल्या आणि डबा पोतनिसांच्या मांडीवर ठेवला.

“घरी ने. तुझं ऐकून घ्यायला आता दुसरं कोण आहे?”