चहाचा ट्रे कुणाच्या हाती

कोल्हापूर विमानतळाच्या कॅन्टीनमध्ये तीन कंपन्यांचे वैमानिक एकाच टेबलावर बसत, एकमेकांच्या डब्यातलं खात आणि एकमेकांची यथेच्छ टिंगल करत. त्यांचा एक नियम होता. उतरता उतरता ज्याने विमान पुन्हा वर नेलं, त्याने त्या दिवशी सगळ्यांना चहा वाढायचा.

त्या सकाळी वारा पिसाळला होता. शलाका भोईटेने धावपट्टी समोर दिसत असताना विमान पुन्हा वर उचललं आणि दुसऱ्या फेरीत अलगद टेकवलं. ती कॅन्टीनमध्ये शिरताच दुसऱ्या कंपनीच्या कॅप्टन राजाध्यक्षांनी ट्रे पुढे केला.

"या, भोईटेबाई! वीस वर्षांत मी एकदाही मागे फिरलो नाही. वाढा चहा!"

सगळे खिदळले. शलाकाला चहा वाढायची लाज नव्हती. पण या हसण्याला घाबरून उद्या कुणीतरी विमान बळेच खाली आपटेल, ही धास्ती होती. तिने पहिला कप राजाध्यक्षांनाच दिला.

"सर, आज नागपूरला तुम्ही माझ्याच विमानातून येताय ना?"

"हो, आमचं रद्द झालं. संध्याकाळी लेकीचा साखरपुडा आहे."

"तिकडेही वारा असाच आहे म्हणे. उतरताना विमान हेलकावलं तर काय करू? पुन्हा वर नेऊ, की तुमच्यासारखा विक्रम करू?"

राजाध्यक्षांचा कप ओठांपाशीच थांबला.

"वर ने गं बाई! दहादा ने!"

हशा असा उसळला की काउंटरवरच्या मावशी पदराने डोळे पुसू लागल्या. राजाध्यक्षही हसले आणि उठून त्यांनी शलाकाच्या हातातला ट्रे घेतला.

"बस तू. आजपासून वर जाऊन येणाऱ्याने चहा प्यायचा. वाढायचा कुणी, ते मला कळलंय."